मन ओळखायचा पगार

२०२३ साल होतं, मी चौऱ्याहत्तर वर्षांचा होतो. बारावी झालेल्या नातीनं मानसशास्त्र शिकायचं ठरवलं. पुण्याच्या जावयानं तिले फोनवर सांगितलं, की दवाखान्यापेक्षा कंपनीत माणसं पारखायच्या कामाले पगार जास्त. मले हसू आलं. ह्या बहाद्दराले दहा वर्षांत माझ्या पोरीचं मन ओळखता आलं नाही, अन् हा रस्ता दाखवते!

पोरगा, म्हणजे नातीचा बाप, म्हणाला, "बाबा म्हणतील तसं."

मी नातीले म्हटलं, "बैल घेताना आम्ही रंगवलेली शिंगं पाहत नाही. मानेवर जू ठेवून वावरात एक फेरा मारून पाहतो. जा, माझ्या भावाले बोलतं कर."

भाऊ शेजारीच राहते. धुऱ्याच्या, म्हणजे वावराच्या बांधाच्या, भांडणापासून अकरा वर्षं आमचं बोलणं बंद. नात दुपारी गेली, ती दिवेलागणीले परतली.

"बोलला का म्हातारा?"

"बोलले."

"काय म्हणे माह्याबद्दल?"

"ते नाही सांगत, आबा."

"फी मी भरणार हाय. सांग!"

"नका भरू. तुमचं बोलणंही मी त्याइले सांगितलं नसतं."

आमच्या गावात चहा थंड व्हायच्या आत गोष्ट वेशीपर्यंत पोचते. जावयाचं तोंड तर त्याहून सैल. पगार द्यायचाच तर असं तोंड बंद ठेवणाऱ्याले द्यावा.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या बसनं तिले यवतमाळले नेलं अन् मानसशास्त्राच्या अर्जावर पालक म्हणून माझी वाकडीतिकडी सही ठोकली.