बाबांच्या डोळ्यांदेखत

परवा बाबांना घेऊन स्कॅनला गेले होते. माहेरून, सिल्व्हर पार्कहून रिक्षाने... उतरल्यावर बाबा पुढे टुणटुणीत, मी मागे फाईल घेऊन. त्याच दिवशी त्यांना सांगायचं ठरवलं होतं की मी नवऱ्याचं घर सोडतेय.

दोन वर्षांपूर्वी बाबांच्या लिव्हरमध्ये कॅन्सरची मोठी गाठ निघाली. ऑपरेशन होण्यासारखं नव्हतं, आणि बाकीचे उपचार बाबांनीच नको म्हटले. मग घरात एकच धोशा... पोरीचं लग्न त्यांच्या डोळ्यांदेखत झालं पाहिजे.

वरसाव्याचं स्थळ आलं. मुलाला दोनदा भेटले आणि बोहल्यावर उभी राहिले, चट मंगनी पट ब्याह. बाबांनी खुर्चीत बसून कन्यादान केलं. पाहुणे त्यांच्याकडे बघून रडत होते, माझ्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं.

आणि मग गाठ आक्रसायला लागली... औषध नाही, काही नाही. डॉक्टर म्हणाले, "फार क्वचित होतं असं. का होतं, ते आम्हालाही ठाऊक नाही."

बाबा सुधारले. माझं लग्न काही सुधारलं नाही. नवरा चार लोकांत माझी टर उडवतो आणि घरी आठवडा आठवडा बोलत नाही. ज्या आजारी माणसासाठी घाईने लग्न केलं, तो आता गार्डनमध्ये लाफ्टर क्लब चालवतो... हे लिहिताना माझीच मला लाज वाटतेय, पण राग येतो तो येतोच.

तर परवा रिपोर्ट चांगला आला. मी म्हटलं, "बाबा, चला, चहा घेऊ. जरा बोलायचंय."

तेवढ्यात रिपोर्टचं ऐकून शेजारच्या बाकावरच्या बाईंनी बाबांना गाठलं. बाईंच्या नवऱ्याला तोच आजार. "भाईसाब, आपने क्या किया?"

बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "कुछ नहीं, बहनजी. इसकी शादी देखी... उसी खुशी में गांठ गल गई."

बाईंची मुलगी तिथेच बसली होती, गळ्यात कॉलेजचं आयकार्ड. बाईंनी वळून तिच्याकडे पाहिलं... ती नजर मला चांगली ओळखीची होती.

"आंटी, शादी से कुछ नहीं हुआ," मी म्हटलं. "डॉक्टर को भी नहीं पता कैसे हुआ. इसको पढ़ने दो."

बाबांचा हात डोक्यावरून खाली आला. चहा राहिलाच. बिल्डिंगपाशी रिक्षातून उतरताना ते फक्त एवढंच म्हणाले, "कधीपासून?"

"पहिल्यापासून, बाबा."

बाबा वाचले, देवाचे लाख उपकार. आता मलाही वाचायचंय.