गव्हाणीतलं मीठ

माझ्या मोठ्या जावेचा मी जन्मभर हेवा केला. आता ह्या वयात ते लपवून काय करू? दिसायला ती माझ्याहून उजवी नव्हती. माहेर खकनारकडचं, आमच्यापेक्षा गरिबीचं. पण तिच्या हाताला यश होतं. मेलं काहीही करायला घेतलं तरी ते नीटच व्हायचं, आणि मला ते रोज सकाळी उठून बघावं लागायचं.

दापोऱ्यात आमचं अंगण एक, चुली दोन. गोठाही एकच, मधे कुडाची भिंत. अलीकडे माझी म्हैस, पलीकडे तिची. माझी म्हैस माझ्या वडलांनी दिलेली, चांगल्या जातीची. तिची बाजारात घेतलेली, एक शिंग मोडकं. ती राज्यांच्या जुळवाजुळवीची वर्षं होती. पुरुष माणसं ओट्यावर बसून राजधानीचं नागपूर सुटणार की काय, भोपाळ किती लांब, ह्यावर तासन्‌तास तोंड वाजवायची. आम्हा जावांना भोपाळचं काय देणंघेणं? आमचा सगळा जीव एकाच गोष्टीत, शेजारच्या शहरातल्या लालबागचा हलवाई कोणाचा मावा उचलतो.

तो दर मंगळवारी टांग्यातून यायचा. कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर आम्ही दोघी दूध आटवून ठेवायचो. तो चिमूटभर मावा घ्यायचा, तळहातावर रगडायचा, तूप सुटतं का बघायचा. जावेचा मावा रगडला की मान डोलवायचा, "वा भाभी, मावे की जलेबी इसी की बनेगी." माझा रगडला की म्हणायचा, "ठीक है, पर फीका है." तिच्या मोडक्या शिंगाच्या म्हशीपुढे माझी फिकी! अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

तेव्हा माझ्या म्हशीला एक खोड लागली होती. ती भिंत चाटायची. वाळत घातलेलं लुगडं दिसलं की त्याचा पदर चघळत बसायची. सरकीची ढेप पुढ्यात तशीच पडून राहायची. मला वाटायचं, लाडावलीय. खरं कारण माझ्या डोक्यात यायचंच नाही, कारण माहेरी आम्हाला शिकवलेलं, दूध आणि मिठाचं वैर. दुधात मीठ पडलं तर दूध नासतं, मग दुभत्या जनावराच्या पोटात मीठ कसं घालायचं? आमच्या आईनं कधी घातलं नाही. मीही नाही.

एक दिवस कुडाच्या फटीतून बघितलं तर जाऊ भिजवलेल्या ढेपीत मूठभर जाडं मीठ कालवत होती. म्हैस मिटक्या मारत खात होती, आणि मग हौदावर जाऊन पाणी पीत होती, पीत होती, थांबेचना. असं आहे काय, म्हटलं. मला एका शब्दानं सांगितलं नाही! खरं म्हणजे मी तिला कधी विचारलंच नव्हतं. पण हेवा करणाऱ्या बाईला एवढं कुठं सुचतं?

दुसऱ्या दिवसापासून मीही मूठ घातली, चोरून. आठ दिवसांत भिंत चाटणं बंद. ढेप चट्टामट्टा. दूध वाढलं. मी मंगळवारची वाट बघत बसले. हलवायानं मावा रगडला आणि म्हणाला, "पहले से अच्छा है. पर इनके जैसा नहीं."

इनके जैसा नहीं! रात्रभर तेच कानात. सकाळी उठले ती ठरवूनच. एका मुठीनं एवढा फरक, तर तीन मुठींनी किती पडेल? आणि पाणी? पाणी पिऊन पिऊनच दूध पातळ होत असणार. म्हणून म्हशीला हौदावर सोडणं बंद केलं. सकाळी एक बादली, बस. आणि दिवस कुठले, तर वैशाखाचे.

तिसऱ्या दिवशी गोठ्यात गेले तर म्हैस कपाळ भिंतीला टेकवून उभी. हाक मारली तर कान हलेना. डोळे उघडे, पण मला ती बघत नव्हती. शेण पाण्यासारखं झालेलं. दोन पावलं टाकली आणि गुडघ्यांवर कोसळली. वडलांनी दिलेली माझी म्हैस! मी किंचाळले. शेजारपाजारच्या बाया धावत आल्या. आणि माझ्या तोंडून काय निघावं?

"हिनंच नजर लावली! काल माझ्या म्हशीकडे बघून म्हणाली, दूध किती वाढलंय गं!"

बाया दाराबाहेरच थबकल्या. जाऊ दारात उभी होती.  सरळ आत आली, म्हशीच्या तोंडाशी बसली, गव्हाणीत हात घातला. कडेला मिठाचे खडे चिकटले होते. तिनं हळूच विचारलं, "किती घातलंस?"

मी म्हशीचं दावं सोडायला लागले.

"आमच्या माहेरी असाच बैल गेला," ती म्हणाली. "पाणी आण. पण एकदम नाही पाजायचं, मरेल. घोट घोट."

तेवढ्यात बाहेर सासूबाईंचा आवाज आला. जावेनं पदरानं गव्हाण पुसली, खडे ओच्यात घेतले आणि त्यांना म्हणाली, "आत्याबाई, ऊन बाधलंय." झालं! माझ्या चुकीवरही पांघरूण तिनंच घातलं. कृतज्ञता वाटायला हवी होती ना? मला राग आला. ह्यातसुद्धा हीच मोठी?

तिनं दिवसभर थोडं थोडं पाणी पाजलं. दुसऱ्या दिवशी म्हशीनं कान हलवला, चौथ्या दिवशी उभी राहिली. पण बायांनी माझं नजरेचं बोलणं ऐकलं होतं ते ऐकलंच. सासूबाईंनी मीठमोहऱ्या उतरवून चुलीत टाकल्या आणि सगळ्यांदेखत सांगितलं, "मोठे, आता तू धाकटीच्या गोठ्यात जाऊ नकोस." गावात बोभाटा झाला. हलवाईसुद्धा कचरला. हळूहळू लालबागला तिच्याऐवजी माझा मावा जायला लागला. तोवर मी मूठभर मीठ आणि पोटभर पाणी शिकले होते. मावा खरोखरच चांगला व्हायचा.

मी एक वाक्य बोलले असते तर पुरे होतं. मीठ मी घातलं, एवढंच. रोज वाटायचं, उद्या बोलू. जावेनं कधी सुचवलं नाही, कधी टोमणा मारला नाही. मारला असता तर भांडले तरी असते.

पुढच्या साली माझी म्हैस व्याली. रेडकू अंगणात धडपडत उभं राहत होतं, बाया जमल्या होत्या. जाऊ कळशी घेऊन विहिरीवरून आली. ती रेडकाकडे बघून हसली. तिला बघताच एक बाई म्हणाली, "झाका गं!" गोणपाट माझ्याच हाताशी होतं. मी ते उचललं आणि रेडकावर टाकलं.