थोरल्यांनी केलेला नियम

आई आजारी असताना धाकटे भाऊ दवाखान्यात फिरकले नाहीत, तेव्हापासून थोरल्यांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. छापखाना मात्र दोघा भावांचा. टेबलं समोरासमोर, आणि निरोप्या म्हणून मशिनमन. "त्याला सांग, काळी शाई संपलीय," थोरले म्हणायचे. धाकट्यांना धडधडीत ऐकू यायचं, पण मशिनमन येऊन सांगेपर्यंत ते मान वर करायचे नाहीत.

शेवटी मशिनमन वैतागून नोकरी सोडून गेला. मग थोरल्यांच्या सुनेने दोघांच्या कॉम्प्युटरवर मेलचा प्रोग्राम टाकला.

"बाबा, मेल, कॅलेंडर, गिऱ्हाइकांचे पत्ते, राहिलेली कामं, सगळं एकाच जागी. आधी तुमचं नाव टाका."

"माझं नाव त्याला कशाला हवंय?"

"बरं, पासवर्ड तरी टाका."

थोरल्यांनी तो टाकला, चहा येईपर्यंत विसरले, आणि प्रोग्रामलाच खोटारडा ठरवून मोकळे झाले. कोपऱ्यात कामाची आठवण झळकली की ते खेकसायचे, "कळलं! डोक्यावर बसू नकोस!"

एक गोष्ट मात्र त्यांनी झटकन उचलली. नको त्या जाहिराती आपोआप कचऱ्यात जाव्यात म्हणून नियम कसा करायचा, ते सुनेने दाखवलं. तिची पाठ वळताच त्यांनी धाकट्यांचा पत्ता त्या नियमात घातला. त्या दिवशी त्यांना जेवण गोड लागलं.

पुढे बेकरीवाल्याचे खोके छापायला आले. त्याचा फोन नंबर बदलला होता, आणि धाकट्यांनी ते मेलने कळवलं. थोरल्यांनी प्रूफ बारकाईने तपासलं, जुना नंबर अचूक असल्याची खात्री केली आणि कामगारांना मशीन सुरू करायला सांगितलं.

बेकरीवाला खोका नाचवत आला आणि दारातूनच दोघांचा उद्धार करून गेला. धाकटे ताडकन उठले आणि थेट थोरल्यांच्या टेबलापाशी आले.

"मेल केली होती!"

"तुझी मेल मी कचऱ्यात टाकतो."

"वाचून?"

"न वाचता!"

सुनेने कामगारांना बाहेर पाठवलं. आत खोक्यांवरून सुरू झालेलं भांडण बघता बघता दवाखान्यापर्यंत गेलं.

"मला तिचे हाल बघवत नव्हते," धाकटे म्हणाले.

"आणि मी काय तिथं सिनेमा बघत होतो?"

थोरल्यांना उत्तर नकोच होतं. इतकी वर्षं दाबून ठेवलेलं एकदाचं तोंडावर फेकलं होतं, तरी छातीवरचं ओझं हललं नव्हतं.

खोके पुन्हा छापणं भाग होतं. सुनेने नियम काढून टाकला. थोरले बघत राहिले, पण आड आले नाहीत. दोघे मशीनपाशी उभे राहिले. समेट वगैरे झाला नाही.

"हा तपकिरी रंग आहे की चिखल?" थोरल्यांनी विचारलं.

"चष्मा पुसा," धाकटे म्हणाले, आणि त्यांनी पुढचा कागद लावला.