ज्वारीच्या पिठाचं क्रम्बल

आमच्या घरात ओव्हन आहे, हे मी सहसा कुणाला सांगत नाही. सांगितलं की लोक केक मागतात. नवऱ्याने तो एका दिवाळीला मोठ्या हौसेने आणला, दोनदा त्यात पिझ्झा केला, आणि तेव्हापासून त्यात पापडांचे डबे, जास्तीच्या ताटल्या आणि गॅसचं पुस्तक सुखाने नांदतात. जुळे सोलापुरातल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावर मे महिन्यात माणूस नुसता उभा राहिला तरी भाजून निघतो. वर आणखी ओव्हन कुणी लावायचा?

पण गेल्या मे महिन्यात तो लावला. माझे वडील जेवत नव्हते म्हणून लावला.

वडील उजनीच्या काठच्या गावात शेती करतात. ऊस आणि केळी. ताप काही केल्या हटेना तेव्हा भावाने त्यांना माझ्याकडे आणून सोडलं. टायफॉइड निघाला. औषधांनी ताप उतरला, पण अन्नावरची वासना उडाली ती उडालीच. डॉक्टरांनी सांगितलं होतं, हलकं द्या, तिखट-तेलकट नको. मी शाळेत गणित शिकवते, सांगितलं ते तसंच्या तसं करायचं हा माझा खाक्या. मऊ भात, बिनफोडणीचं वरण, उकडलेला दुधी, वाफवलेलं सफरचंद. तीन आठवडे हेच. वडील दोन घास खायचे आणि ताटली सरकवायचे.

"चव न्हाय गं कशालाच," म्हणायचे. "माती खाल्ल्यावाणी लागतंय."

मग मी चिडायचे. चव नसली तरी पोटात गेलं पाहिजे, तुम्ही लहान आहात का, असं बरंच काही बोलायचे. आजारी माणसाला कुणी असं बोलू नये हे मला कळतं, पण माझ्या तोंडाला ते जरा उशिरा कळतं. त्यांची बंडी खांद्यावरून घसरायला लागली होती. डॉक्टर म्हणाले, सोमवारपर्यंत असंच राहिलं तर दाखल करून सलाईन लावू. ते ऐकून वडील म्हणाले, "त्यापरीस मला गावाकडं न्हिऊन सोड. लेकीच्या घरी किती दिस पडून ऱ्हायचं?" आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

मला भीती वाटत होती. आईच्या वेळीही आधी जेवणच सुटलं होतं. हे मी घरात कुणाजवळ बोलले नाही, नुसती भांडी आपटत राहिले.

शनिवारी भावाने गावाकडून येणाऱ्या गाडीबरोबर दोन फण्या केळी पाठवली. केळ्यांना आपापसात काय खूण असते कोण जाणे, सगळी एकाच दिवशी पिकतात. दुपारपर्यंत सालींवर काळे ठिपके आले आणि घरभर केळ्यांचा वास सुटला. एवढ्या केळ्यांचं काय करायचं म्हणून मी कपाळाला हात लावून बसले होते, तेवढ्यात थोरला मोबाईल घेऊन आला. वय वर्षं अकरा, आणि मोबाईलमध्ये दिसेल ते सगळं आपल्याला येतं अशी त्याची ठाम समजूत.

"आई, क्रम्बल करू. खाली केळी, वर पिठाचा चुरा, आणि भाजायचं. मऊ होतं, आजोबांना चावायला पण नको."

"आणि गोड असतं," धाकटी म्हणाली. ती सहा वर्षांची. "आजोबांना गोड लई आवडतं." हे तिने स्वतःवरून ठरवलं होतं.

मोबाईलमधल्या बाईने मैदा, बटर आणि बदाम घेतले होते. मैदा पोटाला जड म्हणून मी ज्वारीचं पीठ दिलं. बटरच्या जागी तूप, साखरेच्या जागी गूळ आणि बदामाऐवजी दाण्याचा कूट. थोरला नाराज झाला. म्हणाला, मग हे क्रम्बल कसलं, ही तर भाकरी झाली. मी म्हटलं, नाव तेच ठेव, पीठ माझं राहू दे.

ओव्हन रिकामा करायला पाऊण तास गेला, त्यात हरवलेली किसणी सापडली. मग दोघांनी मला ओट्यापासून लांब केलं. धाकटी बोथट सुरीने केळ्यांचे काप करत होती आणि दर तिसरा काप तोंडात टाकत होती. थोरला परातीत ज्वारीचं पीठ, गूळ आणि दालचिनीची पूड घेऊन त्यात तूप चोळत होता. मला हात लावायला मनाई. त्याच्या बोटांतून खरंच छान रवाळ चुरा पडत होता. ज्वारीचं पीठ तसं कुणाचं ऐकत नाही, याचं कसं ऐकलं याचं मला नवल वाटलं.

तेवढ्यात भावाचा फोन आला. वडिलांना ऐकू जाऊ नये म्हणून मी गॅलरीत गेले आणि जाता जाता सांगितलं, "ओट्यावरच्या छोट्या डब्यातला कूट घाला एक वाटी." भाऊ विचारत होता, सोमवारी येऊ का. मी म्हटलं, ये, आणि फोन ठेवला. मी परत आले तेव्हा काचेचं भांडं ओव्हनमध्ये गेलेलं होतं आणि दोघं पाटावर बसून काचेतून आत बघत होती.

दहा मिनिटांनी लसणाचा वास यायला लागला.

"शेजारच्या काकूंना एवढ्या उन्हात कसली फोडणी सुचलीय?" असं म्हणून मी खिडकी लावून घेतली. वास वाढला. काकूंनी आज पूर्ण गड्डाच टाकलेला दिसतो, असं मी म्हणाले आणि पंखा मोठा केला. वास काही हलेना. एकदाही माझी नजर ओव्हनकडे गेली नाही.

भांडं बाहेर काढलं तेव्हा मात्र आम्ही तिघंही त्यावर वाकलो, इतकं ते देखणं झालं होतं. वर खरपूस तांबूस थर, कडेने केळ्यांचा आणि गुळाचा पाक बुडबुडत होता. पहिला मान धाकटीचा. तिने चमचाभर उचललं, फुंकर घातली, तोंडात घातलं. आणि तिचे डोळे मोठे झाले. "आई गं!" म्हणून ती माठाकडे पळाली.

मी चाखून बघितलं. आधी गोड लागलं, मग लसूण, मग मिरचीचा असा ठसका लागला की कानापर्यंत गेला. माझा पारा चढला. दोन मिनिटं पाठ वळवायची सोय नाही, एक काम धड होत नाही, आजोबा आजारी आहेत आणि तुम्हाला चेष्टा सुचते, असं मी एका दमात बोलून घेतलं. धाकटी भोकाड पसरून रडायला लागली.

"तू सांगितलेलाच डबा घेतला की!" थोरल्याने डबा माझ्यापुढे धरला. "मी म्हटलं होतं, कूट लाल कसा. तर ही म्हणाली, जास्त भाजला असेल."

डबा उघडला. आत शेंगा चटणी. आणि ती मीच त्यात भरली होती, त्याच दिवशी सकाळी, माझ्या या हातांनी. वडिलांनी आदल्या दिवशी दोनदा चटणी मागितली होती आणि मी दोनदा नाही म्हटलं होतं. ती त्यांच्या नजरेलाही पडू नये म्हणून कुटाच्या डब्यात दडवून ठेवली आणि स्वतःच विसरून गेले.

माझं चुकलं, असं तिथेच म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, "बरं, आता ते कचऱ्यात टाका."

धाकटीने आपली वाटी उचलली आणि रडत रडत आजोबांच्या खोलीत गेली. मी मागून गेले तोवर ती पलंगावर चढून गाऱ्हाणं सांगत होती. "आजोबा, आम्ही तुमच्यासाठी केलं, आणि आई म्हणते फेकून द्या."

वडील उठून बसले. नातीची समजूत काढायची म्हणून त्यांनी वाटी हातात घेतली आणि चमचा तोंडात घातला. मी "आबा, नको!" म्हणून ओरडले, पण उशीर झाला होता. ते दोनदा चावले आणि थांबले. आता ठसका लागणार म्हणून मी पाण्याला धावणार होते.

"लसूण हाय ह्यात," ते म्हणाले.

मग आणखी एक घास घेतला. "तिखट हाय की चांगलं."

मी दारातच उभी राहिले. तीन आठवड्यांत त्यांना पहिल्यांदा कशाची तरी चव लागली होती. ते चमच्याने केळी बाजूला सारत होते आणि वरचा चुरा तेवढा खरवडून खात होते. वाटीचा तळ लागल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं. "भाकरी हाय का घरात?"

मी आधी डॉक्टरांना फोन लावला. सगळं ऐकून ते म्हणाले, "अहो, मी पथ्य आठवडाभराचं सांगितलं होतं. तुम्ही अजून वरणभातच देताय? द्या थोडी चटणी, जेवू दे त्यांना." आठवडाभर हा शब्द मी ऐकलाच नव्हता. वरचे दोन आठवडे मी माझ्या शिस्तीने त्यांना उपाशी ठेवलं होतं, आणि वर त्यांनाच ओरडत होते.

भर उन्हाळ्यात चार वाजता मी तवा ठेवला आणि भाकरी थापायला घेतली. डोळ्यांना धार लागली होती, ती पुसायला हात मोकळे नव्हते. धाकटी दारात येऊन उभी राहिली. मी म्हटलं, "माझं चुकलं. चटणी मीच ठेवली होती."

"मग मला का ओरडलीस?"

"सवयीनं."

तिने जरा विचार केला. "आजोबांसमोर सांग."

मग भाकरीचं ताट घेऊन गेले आणि वडिलांसमोर, थोरल्यासमोर, सगळं पहिल्यापासून सांगितलं. कूट, चटणी, शेजारच्या काकूंची फोडणी. वडील इतके हसले की त्यांना उशीला टेकावं लागलं. अर्धी भाकरी खाल्ली, वर कडेचा पापुद्राही सोडला नाही. मग पाणी पिऊन तोंड पुसलं आणि म्हणाले, "उद्या बी ह्येच कर. फकस्त केळी घालू नगंस."

मुलं खिदळायला लागली. मी रिकामं ताट हातात घेऊन तशीच बसले. वडील आजारी पडल्यापासून त्यांच्या तोंडून उद्या हा शब्द मी ऐकलाच नव्हता.