हरणाबाईच्या मागल्या दारचं रिंगण

हरणाबाई मुळात भांडखोर. नवरा प्लेगात गेला, मूलबाळ झालं नाही आणि दिरांनी वाटणीत तिच्या गळ्यात घातली ती ओढ्याकाठची जागा, जिथं बाभळीशिवाय काही उगवत नाही. तिथं एक छपराचं घर, दोन शेळ्या आणि स्वतःचं तोंड, एवढ्यावर ती राहिली. तोंड मात्र खणखणीत. बाजाराच्या दिवशी तेल्यानं मापात जरा हात आखडला, की तिचा आवाज वेशीपर्यंत ऐकू यायचा. तिच्याबद्दल लिहायला बसले, की आधी तो आवाज आठवतो, मग त्याचं पुढं काय केलं गेलं ते आठवतं आणि मला स्वतःच्या गावाचा राग येतो. तो आजवर कमी झालेला नाही.

आमचं गाव ईट या बाजारगावाच्या पलीकडं, निजामाच्या मुलखाच्या अगदी काठावर. हरणाबाईच्या घरामागचा ओढा ओलांडला की हद्द संपायची, पुढं खर्ड्याची वाट लागायची. माझे वडील शरणबसप्पा गावात मास्तर होते. आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो. शाळेला तेव्हा मदरसा म्हणत आणि शिकवणं सगळं उर्दूतून. अप्पा एकदा हैदराबादेला शिबिराला गेले आणि येताना स्काउटचं वेड घेऊन आले. गावातली पाच-सात पोरं त्यांनी गोळा केली. त्यांना खाकी चड्ड्या चढवल्या, हातात काठ्या दिल्या. गळ्यातले रुमाल अव्वानं, म्हणजे आमच्या आईनं, स्वतःचं जुनं इरकली लुगडं फाडून शिवले. शपथेत देवाच्या जोडीनं निजामसरकारचंही नाव होतं. पोरं ती घडाघडा म्हणत, अर्थाशी कुणाला देणंघेणं नव्हतं.

स्काउटनं रोज एक चांगलं काम करायचं, असा नियम. आता खेड्यात रोज चांगलं काम आणायचं कुठून? कुणाचं ओझं उचलायला गेलं तर लोक चोर समजून हाकलायचे. म्हणून सगळ्यांचा मोर्चा हरणाबाईकडं वळला. ईरण्णा पाणी भरून जायचा, मागून रामलिंग यायचा, त्याच्या मागून आणखी कुणी. रांजण भरून वाहायचा, अंगणात चिखल व्हायचा.

"मेल्यांनो, माझं घर बुडवून पुण्य कमावता व्हय?" ती ओरडायची. "गावात दुसरी म्हातारी मेली का सगळ्यांची?"

पण चुलीपाशी भाजलेल्या शेंगा झाकून ठेवलेल्या असायच्या. एखादा आला नाही तर "त्यो बारका का न्हाय दिसला?" म्हणून चौकशी व्हायची. मी पोरांच्या मागं मागं तिथं जायची. शिव्या देताना ती किती सुखात असायची, हे माझ्यासारख्या लहान पोरीलाही कळायचं.

अप्पांनी पोरांना वाटेवरच्या खुणा शिकवल्या. मोठ्या दगडावर लहान दगड ठेवला, की वाट बरोबर. बाजूला आणखी एक ठेवला, की त्या अंगाला वळायचं. दगडांचं रिंगण आणि मधोमध एक दगड, म्हणजे पोचलो, घर आलं. पोरं माळावर दिवसभर हा खेळ खेळत. अप्पांना वाटायचं, यातून पोरांची नजर तयार होईल.

अठ्ठेचाळीस सालच्या उन्हाळ्यात तो खेळ राहिला नाही. रझाकारांच्या धाकानं आसपासच्या गावांतली माणसं हद्दीपलीकडं जाऊ लागली होती. वाटाड्या बरोबर घेतला तर संशय यायचा. पण खुरपं-टोपली घेऊन, शेताला निघाल्यासारखं एखादं कुटुंब दिवसाढवळ्या चालत गेलं, तर कोण विचारतो? अप्पांनी पोरांकडून माळभर खुणा मांडून घेतल्या आणि निघणाऱ्यांना त्या समजावून दिल्या. शेवटचं रिंगण हरणाबाईच्या मागल्या दारी. तिथून खाली उतरलं की ओढा, आणि सुटका. हरणाबाईला कुणी काही सांगितलं नव्हतं. येणाऱ्यांना ती पाणी द्यायची आणि कुठून आलात, कुठं चाललात हे कधी विचारायची नाही. एरवी शेळीला सुद्धा कुठं गेली होतीस म्हणून विचारणारी बाई.

त्याच सुमारास महारुद्र पाटलाच्या वाड्यात भानामती सुरू झाली. पेटीतली लुगडी जळायला लागली, सुनेच्या पाठीवर बिब्ब्याच्या फुल्या उठल्या. त्या सुनेला त्या घरात किती जाच होता हे बाया पाणवठ्यावर कुजबुजत, पण मोठ्यानं म्हणायची कुणाची छाती नव्हती. भानामती म्हटली की ती करणारी बाई शोधायची, ही आमच्याकडची रीत. एका गुराख्यानं येऊन सांगितलं, की हरणाबाईच्या मागल्या दारी दगडांचं रिंगण आहे, मधे दगड पुजलाय.

भर दुपारी तिला मारुतीच्या पारावर आणली. सगळा गाव जमला. पाटलाकडं उतरलेले बंदूकवाले पाहुणे, म्हणजे रझाकारच, तेही येऊन बसले. अप्पा सारखे माळाकडं बघत होते, कारण त्याच वेळी एक कोष्ट्याचं कुटुंब, लहान लेकरांसकट, माळावरून ओढ्याकडं निघालं होतं. ते दगड पोरांचे आहेत एवढं सांगितलं, तर हरणाबाई सुटत होती. पण कशाचे आणि कशाला, हे पुढच्या प्रश्नातच बाहेर आलं असतं.

"चला, ते दगड उधळून येऊ," पाटील म्हणाला. लोक उठले. पाहुण्यांनीही बंदुका घेतल्या. अप्पा पुढं झाले, त्यांनी तोंड उघडलं. तेवढ्यात हरणाबाईनं त्यांच्याकडं पाहिलं आणि आपला तो वेशीपर्यंत जाणारा आवाज लावला.

"व्हय, म्याच मांडलंय. दगडाला जो हात लावंल त्याचा वंश बुडंल. त्या वाटंला जो जाईल त्यो रगत वकंल. जा, कुणाला जायाचंय त्यानं."

कुणी हललं नाही. पाहुणेही खाली बसले. कोष्ट्याची लेकरं सुखरूप ओढा उतरून गेली.

दात नसले की जिभेवरचा मंत्र फुटत नाही, अशी समजूत होती. वरवंटा आणून तिचे पुढचे दात पाडले. मी अव्वाच्या पदरात तोंड खुपसलं होतं, पण कान कसे खुपसणार? अप्पा गप्प उभे होते. रामलिंग आणि ईरण्णा दोघंही त्यांच्याकडं बघत होते, मास्तर आता बोलतील म्हणून. त्या दिवसानंतर अप्पांनी भाकरी कधी चावून खाल्ली नाही. दुधात नाहीतर आमटीत कालवून गिळायचे. घरात दुसरं कुणी कडक भाकरी खात असलं, की उठून ओसरीवर जायचे.

तिच्या शापानं ती वाट मात्र साऱ्या टापूत सगळ्यात सुरक्षित झाली. पावसाळाभर माणसं जात राहिली.

सप्टेंबरात निजामाचं राज्य गेलं. दुसऱ्याच आठवड्यात अप्पांनी पोरांना रुमाल बांधून पारावर उभं केलं आणि सगळ्या गावासमोर सगळं सांगितलं. दगड कुणी मांडले, का मांडले, हरणाबाईनं कशासाठी अंगावर घेतलं. सांगताना ते रडले. लोकांनी ऐकून घेतलं. मग मागून एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "मास्तरला बी धरलं गं तिनं."

बस्स, तेवढंच पुरलं. आठ-पंधरा दिवसांत एकेका घरून रुमाल परत आले, धुऊन घडी घातलेले. पोरांना ओढ्याकडं फिरकायची बंदी झाली. अप्पांचं पथक मोडलं. अप्पा स्वतः हरणाबाईकडं गेले, उंबऱ्याबाहेर उभं राहून हात जोडले.

"त्ये ऱ्हाऊ द्या मास्तर," ती म्हणाली. दातांविना तिचे शब्द फुसफुसायचे. "पोरं का येईना झाली? शेंगा हायती की."

अप्पा तसेच मागं फिरले. घरी येऊन ते अव्वाला म्हणाले, "गावाचं जाऊ दे. आपल्या घरात तरी तिला कुणी तसलं समजत नाही."

त्या थंडीत माझ्या धाकट्या भावाला ताप भरला. कशानंच उतरेना. तोंडावाटे दूधही जाईना. तिन्हीसांजेला अप्पा वैद्याला आणायला ईटला गेलेले असताना अव्वानं त्याला पोटाशी घेतलं, पदराखाली लिंबू आणि ओटीचं सामान लपवलं आणि मला म्हणाली, "चल." ओढ्याची वाट धरली तेव्हा कुठं चाललोय ते मला कळलं.

हरणाबाई दारातच बसली होती. कुणीतरी येतंय हे बघून तिचा चेहरा उजळला. ती लगबगीनं उठली. तोवर अव्वानं तिच्या पायाशी ओटी ठेवली आणि डोकं टेकवलं.

"चुकलं असंल तर पदरात घ्या. लेकरावरची करणी काढून घ्या."

हरणाबाईनं त्या ओटीकडं पाहिलं.

"गंगव्वा, रुमाल तर तूच शिवलेस की गं."

अव्वानं मान वर केली नाही. "काढून घ्या," एवढंच पुन्हा म्हणाली.

मग हरणाबाई खाली बसली. तिनं लेकराच्या कपाळावर हात ठेवला आणि ओठ हलवायला लागली. मंत्र तिला कुठला येणार? मी अव्वाला चिकटून उभी होते, मला ऐकू येत होतं. ती ईरण्णा, रामलिंग अशी पोरांची नावं घेत होती, पुन्हा पुन्हा तीच.

"काढली," ती म्हणाली. "जा आता. घाबरू नगंस."

सकाळी ताप उतरला. वैद्याचा काढा रात्री पोटात गेला होता, पण त्याचं नाव कुणी घेतलं नाही. अप्पांच्या पुढं दूधभाकरी ठेवताना अव्वा खुशीत सांगून गेली, "तिनंच काढून घेतली बघा. म्या गेले म्हणून." अप्पांनी वाटी बाजूला सारली. ती तसली नाही हे ज्याला अजून पटवून सांगावं, असं माणूस आता गावात एकही उरलं नव्हतं.