रेघेपुढची मोकळी जागा

ल्युबिंका दर शनिवारी सकाळी दफनभूमीत जायची, बादलीत फडकं बुडवायची आणि आधी नवऱ्याचं तोंड धुवायची, मग स्वतःचं.

दोघांचे चेहरे काळ्या ग्रॅनाइटवर शेजारी शेजारी कोरलेले होते. मोरावा नदीकाठच्या त्या गावात ही रीतच आहे. जोडप्यातलं एक गेलं की दगड दोघांचा बनवायचा. गेलेल्याच्या नावाखाली दोन सालं. मागे राहिलेल्याच्या नावाखाली एक साल, एक आडवी रेघ आणि पुढे मोकळी जागा. शहाण्या बायका निदान चेहरा कोरायचं म्हातारपणावर ढकलतात. पण वितोमिर गेला तेव्हा ल्युबिंका सेहेचाळीस वर्षांची होती आणि तिचं डोकं ठिकाणावर नव्हतं. पाथरवटाने विचारलं, "तुमचाही चेहरा आत्ताच काढू का?" ती म्हणाली, "काढा. मला तरी आता कुठे जायचंय?" आणि तिने त्याला त्याच आठवड्यातला काळ्या रुमालातला फोटो दिला. पाथरवट बिचारा हुशार होता. रडून सुजलेले डोळेसुद्धा त्याने हुबेहूब उतरवले.

त्याला आता अकरा वर्षं झाली होती. ती दिवसभर पोस्टात शिक्के मारायची, संध्याकाळी घरी येऊन घेवड्याचं सूप करायची. ते एकटीला तीन दिवस पुरायचं. रेडिओ लावायची, पण आतला माणूस काय बोलतोय ते तिला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. एकटेपणाची सवय होते म्हणतात. तिला झाली नाही. एकदा वाचनालयाच्या हॉलमध्ये एका विधवेच्या दुसऱ्या संसाराचा सिनेमा दाखवला. शेवटी सगळा हॉल मुसमुसत होता आणि ल्युबिंका मात्र चिडून बाहेर आली. सिनेमातल्या बाईचं नाव कुठल्या दगडावर कोरलेलं नव्हतं. तिला काय जातंय नव्याने सुरुवात करायला!

मागच्या रांगेतल्या स्लावोल्युबला ती आधी दगडावरूनच ओळखत होती. बायको स्तामेनाच्या शेजारी भरघोस मिशांचा, टाय लावलेला गृहस्थ. खरा स्लावोल्युब भेटला तो गुळगुळीत दाढीचा, बेकरीतून निवृत्त झालेला, हातात हिरवी झारी घेतलेला.

"तुमच्या मिशा कुठे गेल्या?" तिने न राहवून विचारलं.

"स्तामेनाला आवडायच्या. तिच्यापाशीच ठेवल्या," तो म्हणाला. "तुम्ही मात्र दगडावरच्यापेक्षा पुष्कळ बऱ्या दिसता हं."

"त्या फोटोपेक्षा बरं दिसायला काय लागतंय!"

ती हसली आणि लगेच कुणी ऐकलं का म्हणून इकडेतिकडे बघू लागली. पुढच्या शनिवारपासून तिच्या थर्मासमधली कॉफी तीन ठिकाणी जाऊ लागली. एक पेला वितोमिरच्या मातीवर, एक तिला, एक स्लावोल्युबला. तिच्या बादलीची कडी तुटली तेव्हा त्याने आपली झारी पुढे केली.

सप्टेंबरात, घरोघरी लाल मिरच्या भाजण्याचा खकाणा सुटलेला असताना, तो म्हणाला, "उद्या जेवायला या. मिरच्या भाजतोय. आणि आलात की परत जायची घाई करू नका. म्हणजे... राहाच."

तिला समजलं. तिने बोटाने दगड दाखवला. "अहो, माझी जागा ठरलीय. नाव आहे माझं तिथे."

"माझंही आहे की. मेल्यावर कुठे निजायचं ते आपलं दोघांचं ठरलंय. मी जेवायचं विचारतोय."

हो म्हणायचं अगदी ओठांवर आलं होतं. पण तिने "सांगते पुढच्या शनिवारी" म्हटलं आणि तो आठवडा नणंदेच्या, झोर्काच्या, हाती सापडला.

"वहिनी, अख्ख्या गावाने तुझं तोंड माझ्या भावाशेजारी बघितलंय," झोर्का म्हणाली. "आता काय त्याच्यावर सिमेंट थापणार आहेस?"

पोस्टात भल्याभल्यांना गप्प करणारी ल्युबिंका झोर्कापुढे नमली. शनिवारी तिने स्लावोल्युबला नाही म्हणून सांगितलं. त्याने मान हलवली, आणि झारी तिथेच विसरून निघून गेला.

त्यानंतर तो आलाच नाही. एक शनिवार, दोन, पाच. स्तामेनाची फुलं कुंडीत वाळून गेली. ल्युबिंकाला त्याचा पत्ता पाठ होता, पोस्टातलीच ती. पण नाही म्हटल्यावर त्याचं दार कुठल्या तोंडाने वाजवायचं? दर शनिवारी ती आधी मागच्या रांगेत जायची आणि त्याच्या नावाखालची रेघ बघायची. पुढे जागा मोकळी. म्हणजे आहे. गावात कुणी गेलं की झाडाझाडावर निधनाचे कागद चिकटतात, तिला ते आधी कळलं असतं. तरीही ती बघायची, आणि रेघ बघून झाल्यावर परतताना तिला रडू यायचं.

नोव्हेंबरात मृतांचा शनिवार आला. सगळं गाव उकडलेले गहू, ब्रँडी आणि मेणबत्त्या घेऊन दफनभूमीत लोटलं. ल्युबिंका आधी मागच्या रांगेत गेली. स्तामेनापुढे ताजी फुलं होती आणि पिवळी मेणबत्ती अर्ध्यावर जळत होती. म्हणजे तो पहाटेच येऊन गेला होता, तिला चुकवून. तिचा जीव भांड्यात पडला आणि त्याच क्षणी तिला त्याचा असा राग आला, की एवढा राग आपल्यात शिल्लक आहे याचंच तिला नवल वाटलं.

ती वितोमिरपाशी आली. त्याच्या मातीवर कॉफी ओतली. फडकं भिजवून त्याचं कपाळ, गाल, हनुवटी हळूहळू पुसली.

"येईन रे," ती त्याला म्हणाली. "पण अकरा वर्षं मी तुझ्याशेजारी जिवंतपणी पडून आहे, वितो. मला नाही सोसत आता."

मग तिने फडकं पिळलं आणि झारी उचलली.

"अगं वहिनी, तुझं तोंड राहिलं की!" झोर्का मागून ओरडली.

"राहू दे. ती बाई अजून यायचीय."

भर गर्दीतून, काळ्या कपड्यांत, हातात हिरवी झारी घेऊन ती निघाली, आणि ज्याला बघायचं त्याने बघितलं. स्लावोल्युबने दार उघडलं. ओठांवर मिशांचे पांढरे खुंट उगवले होते. तिचा तो अवतार बघून तो घाबरला.

"कोण गेलं?"

"कुणी नाही," ल्युबिंका म्हणाली. "रेघेपुढे जागा अजून मोकळी आहे. तुमचीही, माझीही. मिरच्या उरल्यात का?"