सेप हेपलचा पांढरा लीक

सेप्टिमस म्हणजे लॅटिनमध्ये सातवा. सहा मुलगे झाल्यावर सेप हेपलच्या आईला नावं सुचेनाशी झाली, म्हणून सातव्याला तिने सरळ आकडाच देऊन टाकला. सेपही त्या आकड्याला जागला आणि जिथे जाईल तिथे शेवटी पोचत राहिला. खाणीत उतरवणाऱ्या पाळण्याशी शेवटी, चर्चमध्ये शेवटी. बेस जॉबलिंगला मनातलं सांगायला तर त्याने इतका वेळ लावला की एका रविवारी तिनेच विचारलं, "सेप, तुला काही बोलायचंय, की मी घरी जाऊ?"

तो बोलला. ती म्हणाली, माझं काही नाही, बाबांना विचार. आणि इथे सगळं घोडं अडलं.

नॉर्थम्बरलंडच्या आमच्या खाणीच्या गावात माणसाला दोनच नाद असतात, एक कबुतरांचा नाहीतर लीकचा. मी एमॉस डॉड्स, कबुतरवाला. कबुतर निदान घरी परत येतं. लीक ही कांद्याच्या भाऊबंदातली जाड पांढऱ्या दांड्याची भाजी, ती सहा महिने एका जागी उभी असते आणि तिच्यापायी शहाणीसुरती माणसं बायकोशी बोलणं सोडतात. खत काय घातलं ते सख्ख्या भावाला सांगत नाहीत. सप्टेंबरात प्रदर्शन जवळ आलं की काठी घेऊन वाफ्याशेजारी मुक्काम ठोकतात. बेसचा बाप एनॉक जॉबलिंग या वेड्यांचा राजा. सलग तेरा वर्षं पहिलं बक्षीस त्याच्याच घरी गेलं होतं. त्याने सेपला दारातच सांगितलं की जो जॉबलिंगच्या लीकला हरवेल त्यालाच मुलगी देईन, तोपर्यंत फाटकाच्या आत पाऊल टाकायचं नाही.

सेपने त्या वर्षी लीक लावला. तो पुरता वाढायच्या आत चौदा सालची लढाई लागली आणि आम्ही सगळे भरती झालो. आमची रवानगी रस्ते आणि खंदक खणणाऱ्या पलटणीत झाली. खाणीत जे करत होतो तेच फ्रान्समध्ये करू लागलो, फरक एवढाच की इथे वरून कोणीतरी मुद्दाम अंगावर टाकत होतं.

सतरा सालच्या वसंतात आमची तुकडी बेथ्यूनजवळ मादाम कारों नावाच्या विधवेच्या शेतावर राहिली. चार दिवस पुढे जाऊन खणायचं, चार दिवस मागे येऊन तिच्या गोठ्यात झोपायचं. आमच्या कर्नलला फुलझाडांची आवड होती. शिपायांचं मन रमावं म्हणून त्याने फर्मान काढलं की सप्टेंबरात पलटणीचं भाजीपाल्याचं प्रदर्शन होईल. बाकीच्या पलटणी फुटबॉल खेळतात, आमच्या नशिबी मुळे आणि कोबी आले. पण आमच्या गावच्या पोरांच्या डोळ्यांत पाणी यायचंच बाकी होतं.

बेसचा भाऊ टॉम जॉबलिंग आमच्यातच कॉर्पोरल होता. त्याने त्याच दिवशी बापाला पत्र टाकलं, आणि म्हाताऱ्याचं उत्तर आलं की टॉमला हरवलं म्हणजे जॉबलिंगला हरवलं, माझा शब्द फ्रान्समध्येही चालेल. दोघांना घरून रोपं आली. टॉमची बहिणीने पाठवली, सेपची आईने, ओल्या शेवाळात गुंडाळून, बिस्किटांच्या डब्यात. मादाम कारोंने परसात दोन वाफे दिले, आणि दोघांनी आपापलं एकच जोमदार रोप ठेवलं. तिला वाटलं, पोरं सूप करून खाणार.

सेपचं त्या लीकवर जे प्रेम होतं ते बघून मला कधी कधी बेसची काळजी वाटायची. रोज मिळणारी रम तो स्वतः न पिता लीकच्या मुळाशी ओतायचा. हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तुकडीतले दोघे जण खाली बसले. एकाने टोपी काढली. रम न पिणारा माणूस आम्ही पाहिला होता, धर्माचं कारण असू शकतं, पण भाजीला रम पाजणारा पाहिला नव्हता. मी म्हणायचो, अरे लेका, निदान अर्धी मला दे, मीही वाढतोच आहे. तो ऐकायचा नाही.

दांडा पांढरा व्हायला त्याला उजेडापासून झाकावं लागतं. टॉमने वाळूची गोणी गुंडाळली. सेपला गोणी रखरखीत वाटली. त्याने आपल्या पायाला गुडघ्यापर्यंत गुंडाळायच्या लोकरी पट्ट्यांपैकी एक सोडली आणि लीकला गुंडाळली, चांगली खालून वर, ड्रिलच्या पुस्तकात दाखवल्याप्रमाणे. मग तो एक पाय गुंडाळलेला आणि एक उघडा असा परेडला उभा राहिला. सार्जंट मेजरने विचारलं, दुसरी पट्टी कुठे आहे. सेप खोटं बोलत नाही, हा त्याचा जुना रोग. म्हणाला, लीकने घातली आहे, सर. तीन दिवस बटाटे सोलायची शिक्षा झाली.

टॉम येता-जाता डिवचायचा. "काय दाजी, तुमचा लीक की काडी? दाजी, वाऱ्याने उडेल हो, दगड ठेवा." दाजी म्हणताना असा तोंड वाकडं करायचा की सेपचे कान लाल व्हायचे. सेप लीकला रमवर दोन चमचे चहा जास्त घालायचा.

आणि खरं सांगतो, लीक वाढला. ऑगस्टअखेर तो माझ्या दंडाएवढा झाला, आणि माझा दंड खाणकामगाराचा आहे. मोजपट्टी लावली की सेपचा लीक घेरात टॉमच्यापेक्षा पाव इंच पुढे. तेव्हापासून टॉमने दाजी म्हणणं बंद केलं. मादाम कारों रोज कमरेवर हात ठेवून दोन्ही वाफ्यांपुढे उभी राहायची आणि आम्हाला बरंच काही सुनवायची. आम्हाला तिचं निम्मं कळायचं, पण मथितार्थ असा की इतकी मोठी भाजी खायची नाही तर मग वाढवता कशाला, तुमचं लढाईचंही असंच आहे.

प्रदर्शन रविवारी होतं. शनिवारी सकाळी जनरल पाहणीला येणार असल्याचं कळलं.

फौजेत जनरल येणार म्हटलं की एकच काम असतं, चुना. दगड, बादल्या, खांब, झाडांचे बुंधे, सगळं पांढरं करायचं. का ते कोणी विचारत नाही. सार्जंट मेजरचा हुकूम असा होता की जे उभं आहे आणि हलत नाही त्याला चुना मारा. आणि आमच्या फौजेचा गुण म्हणा की दोष, हुकूम मिळाला की माणूस डोकं बाजूला काढून ठेवतो.

जनरलपुढे एका पट्टीने उभं राहता येत नाही, म्हणून सेपने शनिवारी पहाटे लीकची पट्टी सोडून पायाला बांधली. लीकला म्हणाला, दोन तासांत येतो. आम्ही पुढच्या मैदानात परेडला गेलो. तेवढ्यात चुनेवाली तुकडी मागच्या परसात शिरली. त्यांना एक गोष्ट उभी आणि न हलणारी दिसली.

परत आलो तेव्हा सेपचा लीक मुळापासून पानांच्या शेंड्यापर्यंत पांढराशुभ्र होता. टॉमच्या लीकची गोणी पांढरी झाली होती, आतला लीक सुखरूप. मादाम कारोंची कोंबडी अंड्यांवर बसली होती, हलली नाही, म्हणून तिलाही चुन्याचा अर्धा हात बसला होता. आणि वर ऐकायला मिळालं की जनरल परसात डोकावून गेला आणि लीककडे बघून "नीटनेटकं आहे" म्हणाला. सबंध लढाईत आमच्या तुकडीची वरिष्ठांनी केलेली तेवढीच स्तुती.

सेप वाफ्यापुढे मांडी घालून बसला. आम्ही भोवती जमलो. आता गंमत अशी की प्रदर्शनात दोनच गोष्टी मोजतात, घेर आणि पांढऱ्या दांड्याची लांबी. सेपचा लीक आता तीन फूट पांढरा होता. मोजणार कर्नल, त्याला गुलाबातलं कळायचं, लीकमधलं नाही. सगळ्यांनी सेपला हेच सांगितलं की गप्प बस, हात लावू नकोस, सरकारनेच रंगवलाय, तू थोडाच रंगवलास. मीही तेच सांगितलं. मला त्याचं लग्न हवं होतं, कसं का होईना. टॉम मागे उभा राहून ऐकत होता.

सेपने एका पानावरचा चुना नखाने खरवडला. मग म्हणाला, "एमॉस, पुढे तीस वर्षं ती रोज सकाळी माझ्यासमोर बसून चहा पिणार. एखाद्या दिवशी विचारेल, सेप, तो लीक खरंच एवढा पांढरा होता का? मी काय सांगू?"

मी म्हटलं, सांग होता म्हणून. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मला माझी लाज वाटली, आणि राग तर त्याहून जास्त आला.

त्याने बादली आणली, स्वतःचा दात घासायचा ब्रश आणला, आणि दुपारभर लीक धुतला. पण चुन्याने साल खाल्ली होती. एक पापुद्रा निघाला, मग दुसरा. संध्याकाळी लीक स्वच्छ होता, ताजा होता, आणि बराच बारीक होता.

रविवारी कर्नलने मोजलं. टॉम अर्ध्या इंचाने जिंकला. त्याला पन्नास सिगारेटचा डबा मिळाला आणि कर्नलने त्याचा हात हातात घेतला. टॉमने डबा बगलेत मारला आणि कोणालाही एकसुद्धा न देता निघून गेला. घरच्या रिवाजाप्रमाणे प्रदर्शनातल्या लीकचं सूप झालं. मादाम कारोंने बटाटे आणि साय घालून ते असं केलं की तीन वर्षांत प्रथमच आम्ही जेवलो असं वाटलं. सेपने दोन वाडगे खाल्ले. त्याचे डोळे वाहत होते, आणि कांद्याच्या जातीची भाजी असल्याने आम्ही कोणी काही विचारलं नाही.

बेसला पत्र लिहायला त्याला चार दिवस लागले. ते असं होतं: "हरलो. अर्ध्या इंचाने. तुझा, म्हणजे आता तुझा नसलेला, सेप." आमची पत्रं तपासणाऱ्या लेफ्टनंटने मला बोलावून विचारलं की अर्धा इंच म्हणजे नकाशावरचा का. मी म्हटलं, नाही साहेब, काळजावरचा. त्याने मला हाकलून दिलं, पण पत्र सोडलं.

त्यानंतरचे तीन आठवडे सेप कसातरीच वागायचा. खणायचा, जेवायचा, आणि विचारलं की "बरं आहे" म्हणायचा. पुढे खंदकात गोळे पडायला लागले की आम्ही डोकं खाली घालायचो, आणि हा उभा राहायचा, जणू आता डोकं कोणासाठी सांभाळायचं. मी दोनदा त्याला पट्ट्याला धरून खाली ओढला. सार्जंट मेजरच्या चुन्याला मी त्या दिवसांत जेवढ्या शिव्या घातल्या तेवढ्या जर्मनांनाही घातल्या नसतील.

ऑक्टोबरात बेसचं पत्र आलं. सेपला ते उघडवेना. हातात धरून बसला, मग माझ्याकडे दिलं. मी वाचून दाखवलं.

"सेप, तुझं पत्र मिळालं. त्याच्या आधी टॉमचं मिळालं. त्याने पान भरून आपली बढाई मारली आहे आणि शेवटी एका ओळीत लिहिलंय की तू ब्रशाने चुना धुतलास, नाहीतर तू जिंकत होतास, आणि हे बाबांना सांगू नको. आता मी तुला एक सांगते, तेही बाबांना सांगू नको. इतकी वर्षं बाबा काठी घेऊन वाफ्याशेजारी घोरतात. बी निवडते मी, खत घालते मी, पाणी घालते मी. पहिल्यांदा बक्षीस आलं तेव्हा मी अकरा वर्षांची होते. टॉमने फ्रान्समध्ये लावली ती रोपंही मी वाढवलेली. म्हणजे तू जॉबलिंग घराण्याकडून हरला नाहीस, माझ्याकडून हरलास. त्याची लाज वाटून घेऊ नकोस, सवय करून घे. बाबांची अट मी पाहून घेईन. पुढच्या वर्षी वाफ्याला हात लावणार नाही म्हटलं की ते लगेच विरघळतील. तू फक्त दिवस कळव. बेस."

सेपने मला ते तीनदा वाचायला लावलं. मग विचारलं, "म्हणजे ती हो म्हणतेय का?"

"हो रे गाढवा," मी म्हटलं.

त्याने तिथेच, माझ्या पाठीवर कागद ठेवून उत्तर लिहिलं, "घरी येईन त्यानंतरचा पहिला शनिवार." दुसऱ्या दिवशी गोळे पडायला लागले तेव्हा तो आमच्या सगळ्यांच्या आधी खाली झोपला होता. मी त्याच्यावर पडलो आणि मला एवढा आनंद झाला की मी त्याच्या कानात ओरडून हसलो.

तो शनिवार यायला सोळा महिने लागले. गावातले एकोणीस जण लढाईवरून परत आलेच नाहीत. सेप आला, टॉम आला, मी आलो. लग्नाला चर्चमध्ये सगळं गाव वाट बघत बसलं होतं, आणि म्हातारा एनॉक घड्याळ काढून पुन्हा पुन्हा दाराकडे बघत होता, कारण बेस अजून आली नव्हती. सेप मात्र पाऊण तास आधीच येऊन उभा होता.